इंजिनातली पिवळी साय

मैलापूर, मद्रास
१३ नोव्हेंबर १९६१

चि. वसंता हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. हॉस्टेलात खिडकीची खोली मिळाली हे वाचून बरे वाटले. इथे पावसाने ठाण मांडले आहे. वाळत घातलेली वेष्टी, धोतरे दोन दोन दिवस दमटच राहतात.

एक काम तुझ्या विद्येतले आहे. तू मुंबईला ऑइलच्या प्रयोगशाळेत लागलीस तेव्हा शेजारच्या सीतालक्ष्मी मामींनी विचारले होते, मुलीच्या जातीला तेलात काय बघायचे असते म्हणून. आता मलाच तुला विचारण्याची वेळ आली. परवा आपल्या ऑस्टिनचे ऑइल बघायला झाकण उघडले, तर झाकणाच्या आतून जाड पिवळी साय धरलेली. बोटाने काढली तर लोण्यासारखी निघाली. खाली इंजिनाच्या तोंडाशीही तेच. पब्लिक वर्क्समध्ये तळी आणि कालवे तपासत मी याच गाडीने सारा तंजावर जिल्हा पालथा घातला, मीटरने लाख मैल ओलांडले, पण असले काही कधी पाहिले नाही.

राजगोपाल मेस्त्रीला बोलावले. तो म्हणतो रेडिएटरचे पाणी ऑइलात उतरते आहे, इंजिनाचे हेड उघडावे लागेल, गाडी दोन आठवडे त्याच्या वर्कशॉपात ठेवावी लागेल. गाडी एक दिवसही शेडबाहेर राहणे मला चालणार नाही. का ते विचारू नकोस, म्हाताऱ्याची सवय समज. हेड न उघडता काही करता येईल का, ते कळव.

अम्मा बरी आहे. हात दुखतो म्हणून तिने खाली ओळ लिहिली नाही. तिचे आशीर्वाद.

अप्पा


मुंबई
१८ नोव्हेंबर १९६१

तीर्थरूप अप्पांस वसंताचे साष्टांग नमस्कार.

हेड उघडू देऊ नका. आधी मला थोडे कळू द्या. रेडिएटरमध्ये पाणी वरचेवर घालावे लागते का? गाडी साधारण किती दूर जाते? राजगोपालना प्लग काढायला सांगा आणि त्यांच्या टोकांचा रंग मला लिहा. तपकिरी, पांढरा, काळा, जो असेल तो. आणि ती साय एका स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरून पाठवा. आमचे साहेब जुन्या इंजिनांतली घाण जमवणारे आहेत, त्यांना आनंदच होईल. गेल्या महिन्यात एका ट्रकच्या पिस्टनवरची खपली त्यांनी सगळ्यांना फिरवून दाखवली.

अम्माचा हात किती दिवस दुखणार? दिवाळीच्या पत्रातही तिची ओळ नव्हती. तिला म्हणावे ओळ नको, नुसते नाव लिही. मे महिन्यात मी आले होते तेव्हा दोनदा तिने मला हेमावती मावशीच्या नावाने हाक मारली आणि मी हसले. आता तिने त्या नावाने हाक मारली तरी चालेल असे वाटते.

वसंता


मैलापूर
२५ नोव्हेंबर १९६१

चि. वसंता हिस आशीर्वाद.

सीतालक्ष्मी मामींचा व्यंकट कंपनीच्या कामासाठी मुंबईला येतो आहे, त्याच्याबरोबर बाटली पाठवतो. औषधाची होती, उकळून उन्हात वाळवली. ऊन तेवढ्यापुरते पडले.

रेडिएटरचे पाणी मुळीच कमी होत नाही. प्लग काळे आहेत. ओले नाहीत, कोरडी काजळी आहे, बोटाला लागते. गाडी म्हणशील तर चांगली फिरते. गेल्या रविवारी अम्माला महाबलिपुरमला नेले होते. ती वाळूत बसली, सुंडल खाल्ले, लाटा पाहिल्या. त्याआधी कांचीला जाऊन आलो.

पावसाची झड शेडमध्ये यायची म्हणून जाळीच्या भिंतीवर मी आतून पत्रे ठोकून घेतले. आता कोरडे राहते. मला थोडी डोकेदुखी आहे, ती हवेची. अम्माला हल्ली झोप फार छान लागते. आताही झोपली आहे, म्हणून तिचे नाव राहिले.

अप्पा


मुंबई
६ डिसेंबर १९६१

तीर्थरूप अप्पांस साष्टांग नमस्कार.

बाटली मिळाली. दोन दिवस तिच्यामागे होते. काय सापडले ते सांगते, मग एक गोष्ट विचारते.

त्या सायीत ऑइल आहे आणि पुष्कळ पाणी आहे. पण ते रेडिएटरचे नाही. आपल्या विहिरीचे पाणी तुम्हाला ठाऊक आहे, बंबात पांढरा थर धरतो. ते पाणी आत उतरले असते तर त्याचे क्षार मला सापडले असते. कणभरही सापडले नाहीत. हे पाणी पावसासारखे शुद्ध आहे. असे पाणी इंजिनात एकाच वाटेने येते. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. इंजिन तापलेले असेल तर ती धुराबरोबर निघून जाते. इंजिन गार असेल तर भाताच्या झाकणावर थेंब धरतात तशी आतच धरते आणि ऑइलात घुसळून तिची साय होते. ऑइलात कच्चे पेट्रोलही खूप आहे. आणि प्लगवरची कोरडी काजळी म्हणजे चोक ओढून इंजिन उभ्या उभ्या चालते आहे.

अप्पा, ही गाडी एकदा जरी महाबलिपुरमला जाऊन आली असती तरी त्या उष्णतेने ही साय उरली नसती. गाडी कित्येक महिने रस्त्यावर गेलेली नाही. तुम्ही ती शेडमध्ये सुरू करता, थोडा वेळ चालवता आणि बंद करता.

मला वाटते तुमचे डोळे अधू झाले आहेत आणि ते कुणाला कळू नये असे तुम्हाला वाटते. त्याची लाज कसली? पण तुमच्या मानापायी अम्मा दिवसभर घरात कोंडून पडली आहे, आणि मला समुद्राच्या गोष्टी लिहून येतात. याचे मला फार वाईट वाटले. रिक्षा करा, ड्रायव्हर ठेवा, पण तिला बाहेर न्या.

वसंता


मैलापूर
११ डिसेंबर १९६१

चि. वसंता,

तुझे पत्र वाचले. गाडीबद्दल तू लिहिलेस ते सगळे खरे. अम्माबद्दल लिहिलेस ते तसे नाही. आता लिहूनच टाकतो.

डोळ्यांत मोतीबिंदू आहे, वैशाखापासून मी गाडी रस्त्यावर काढलेली नाही. पण ते दुय्यम आहे. तुझी आई आता आपली राहिलेली नाही. तू मे महिन्यात हसलीस तेव्हा मीही हसलो, कारण तुझी सुट्टी चारच दिवसांची होती. त्यानंतर ती चूल पेटवायची विसरली, मग विझवायची. तिला लिहिता येत नाही. पेन हातात दिले तर ती ते केसांत खोवते.

सकाळ बरी जाते. दिवे लागायची वेळ झाली की ती उठते, नेसते, चार कपड्यांचे बोचके बांधते आणि फाटकाशी उभी राहते. तंजावरला जायचे आहे म्हणते, अण्णा वाट बघत असेल. तिचा हा भाऊ जाऊन नऊ वर्षे झाली, ते माहेरचे घर आता दुसऱ्यांचे आहे, हे मी आरंभी सांगत असे. ऐकून ती नव्याने रडायची, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. मग सांगायचे सोडले. एकदा ती माझी नजर चुकवून गेली. देवळाच्या तळ्याच्या शेवटच्या पायरीवर सापडली, पाण्यात पाय सोडून बसलेली. तेव्हापासून मी फाटकाला कुलूप लावतो. कुलूप बघितले की ती मला मारते. मला ती ओळखत नाही, बाहेरचा कुणी पहारेकरी समजते.

एका संध्याकाळी दुसरे काही सुचेना, म्हणून तिला गाडीत मागे बसवले, शेडची दारे लावली आणि इंजिन सुरू केले. दारे उघडी असली तर रस्ता दिसून ती उतरायला बघते. म्हटले, निघालो तंजावरला. इंजिनाची घरघर सुरू झाली आणि ती शांत झाली. मग मी रस्ता सांगू लागलो. हे तांबरम. हे चेंगलपट्टूचे तळे, यंदा भरले आहे. हे दिंडीवनम, इथे कॉफी घेऊ. या रस्त्याचा एकेक पूल मी तपासलेला आहे, मला डोळे लागत नाहीत. चिदंबरम, मायावरम करीत कुंभकोणम आले की तिचा डोळा लागे. मग हात धरून तिला आत आणून निजवायचे.

आता रोज असेच. पावसात पत्रे मारल्यापासून तर ती दिंडीवनमलाच झोपते. इतकी गाढ की उचलून आणावी लागते. गालांवर लाली येते, लग्नात होती तशी दिसते. सकाळी थोडी मळमळते तिला, माझेही डोके जड असते, पण रात्र शांत जाते. ही गाडी गेली तर माझ्याजवळ दुसरा उपाय नाही. म्हणून हेड उघडू देत नव्हतो.

तुला कळवले नाही, कारण कळले की तू नोकरी सोडून येशील. तू येऊ नकोस. या घरात दोघे अडकलो ते पुरे आहे.

अप्पा


तार
मुंबई, १४ डिसेंबर १९६१

शेडमध्ये इंजिन सुरू करू नका. पत्रे काढा. दारे उघडी ठेवा. पत्र येत आहे.
वसंता


मुंबई
१४ डिसेंबर १९६१

अप्पा,

तार मिळालीच असेल. ती पाठवून ऑफिसात परत आले आणि लगेच हे लिहायला बसले.

इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा वास येतो तो वेगळा. चोक ओढून गार इंजिन उभे चालवले की हा वायू सर्वांत जास्त निघतो. जाळी उघडी होती तोवर तो बराचसा बाहेर जात होता. पत्रे मारल्यावर तो आत कोंडतो. तो रक्तात मिसळतो, श्वास चालू असूनही माणूस आतून गुदमरतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते. गाल लाल होतात. अप्पा, ती लाली चांगली नाही. दिंडीवनमला तिला येते ती झोप नव्हे. एखाद्या संध्याकाळी तुम्हा दोघांनाही कुणी उठवू शकले नसते.

हे वाचून तुम्हाला काय वाटेल ते मला कळते. तुम्ही तिला शांत करत होतात. तुम्हाला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

मागच्या पत्रात मी तुमच्या मानाबद्दल लिहिले ते माझे मला वाचवत नाही. रजेचा अर्ज टाकला आहे. वर्ष अखेरीचे काम म्हणून साहेब जानेवारीपर्यंत सोडायला तयार नाहीत, तरी मी बघते. तोवर संध्याकाळी सीतालक्ष्मी मामींना सोबतीला बोलवा. त्यांना सगळे सांगा.

वसंता


मैलापूर
२० डिसेंबर १९६१

चि. वसंता हिस आशीर्वाद.

तार आली त्याच दुपारी राजगोपालकडून पत्रे काढून घेतले. कशासाठी ते त्याला सांगितले नाही. दोन दिवसांत माझे डोके मोकळे झाले. तू म्हणालीस तेच होते.

मला वाटत होते तिला माझ्या बोलण्याने झोप लागते. गावांची नावे ऐकून. या वयात असा भ्रम व्हावा.

आता ती झोपत नाही. दारे उघडी ठेवून, धूर बाहेर जाईल अशी गाडी फाटकाकडे मागे ढकलून, एकदा सुरू करून पाहिली. तिला रस्ता दिसला, तिने दार उघडून उडी घेतली, गुडघा फुटला. मग गाडीचा नाद सोडला. ती दिव्याच्या वेळेपासून फाटकाशी उभी असते. मी हात धरला की चावते. मनगटावर खुणा आहेत. मार्गळी महिना लागला आहे, पहाटे भजनवाले रस्त्याने गात जातात, तोवर आम्ही दोघे जागेच असतो. ती फाटकाच्या आत उभी, मी ओसरीवर बसलेला.

मामींना सांगितलेले नाही. त्या चांगल्या आहेत, पण एकदा सांगितले की साऱ्या गल्लीला कळेल, आणि लोक तुझ्या आईला बघायला येतील. ते मला नको. लोकांसमोर डोक्यावरचा पदर न ढळलेली बाई होती ती.

तू येऊ नकोस. फेब्रुवारीत तुला कायम करणार आहेत, तोवर काही करू नकोस.

अप्पा


मैलापूर
२९ डिसेंबर १९६१

चि. वसंता,

काल जे झाले ते लिहिल्यावाचून मला राहवत नाही. दुसरे कुणी नाही ज्याला सांगावे.

काल दुपारपासूनच ती अस्वस्थ होती. चार वाजताच बोचके बांधून झाले. मी तीन रात्री झोपलो नव्हतो. तिने माझा चष्मा भिरकावला, तो फुटला. त्यानंतर मला फारसे काही आठवत नाही. तिला गाडीत बसवली, शेडची दारे ओढून घेतली, जाळीवर सतरंज्या टाकल्या आणि पुढे जाऊन बसलो. हेतू काय होता ते मला विचारू नकोस. तिने झोपावे एवढेच मला हवे होते, असे मी स्वतःला सांगितले. पण तुझे पत्र माझे पाठ झाले होते, तेव्हा ते खरे मानता येत नाही.

किल्ली लावली, फिरवली नव्हती. मी रस्ता सांगायला लागलो नाही. तेव्हा ती मागून अगदी पूर्वीच्या आवाजात म्हणाली, "इथे वारा नाही. दार उघडा, तुम्हाला दम लागतो."

मला. तिला काय आठवले, कुणाला म्हणाली, ठाऊक नाही. मी उतरलो, दारे उघडली, सतरंज्या ओढून काढल्या. मग फाटकाचे कुलूप काढून किल्ली हातात तशीच घेऊन शेजारच्या घरी गेलो आणि सीतालक्ष्मी मामींना म्हटले, या, मला एकट्याला होत नाही. त्या पदर खोचून तशाच आल्या. काही विचारले नाही. दोघींनी मिळून रस्त्याच्या टोकापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. चौथ्या फेरीला तुझी आई दमून स्वतःच घरात शिरली.

मी तुला येऊ नकोस म्हणून लिहीत आलो. आता तसे लिहिण्याचे बळ नाही.

अप्पा


तार
मुंबई, १ जानेवारी १९६२

आजच्या मद्रास मेलने निघते. गाडीची किल्ली मामींकडे ठेवा.
वसंता


मैलापूर
२६ मार्च १९६२

चि. वसंता हिस अनेक आशीर्वाद.

तू गेल्याला दोन आठवडे झाले. तुला परत पाठवताना राजसबाईने आणि मी जे भांडण केले त्याबद्दल तू अजून रागात आहेस, हे तुझ्या पत्रावरून दिसते. असू दे. तुला कायम केले हे कळल्यावर राजसबाईने पायसम केले. कुंभकोणमला पुतण्यांच्या घरात विधवा चुलती म्हणून पडून राहण्यापेक्षा इथे राहून तुझ्या आईला सांभाळणे बरे, असे ती म्हणते. तू तिला शोधून आणलीस. मला ती सुचली नसती, कारण कुणाला बोलवायचे हेच मला सुचत नव्हते.

संध्याकाळ तशीच असते. राजसबाई, मामी आणि मी आळीपाळीने तिच्याबरोबर चालतो. गल्लीला सगळे कळले आहे. कुणी बघायला आले नाही. फुलवाली तिला रोज एक गजरा देते आणि ती तो रोज परत करते. रात्री ती दोन तीन तास झोपते. खरी झोप, कधीही मोडणारी. ती उठली की आम्हीही उठतो. मला कधी कधी वाटते हे संपणार नाही, आणि कधी वाटते संपेल, आणि दोन्ही वेळा सारखीच भीती वाटते.

राजगोपाल चालवायला तयार झाला म्हणून गेल्या आठवड्यात आम्ही खरोखर तंजावरला जाऊन आलो. तू असतीस तर नको म्हणाली असतीस, म्हणून आधी कळवले नाही. सारा रस्ता ती जागी होती. मी गावांची नावे घेतली नाहीत, ती खिडकीतून बघत होती. मेलवीदी रस्त्यावरच्या तिच्या माहेरच्या घरात आता राहणारे लोक भले निघाले. त्यांनी तिला आत नेले. ती सरळ मागच्या विहिरीवर गेली, पाय धुतले, बाहेर येऊन ओट्यावर बसली, त्यांनी दिलेले ताक प्यायली. मला वाटले आता तिला काही उमजेल. तिने त्या घरच्या सुनेला तिच्या माहेरचे गाव विचारले, मुलांची चौकशी केली. त्या संध्याकाळी, तंजावरातच, तिने पुन्हा बोचके बांधले.

येताना राजगोपालने विल्लुपुरमला गाडी थांबवून झाकण उघडून दाखवले. आत सगळे साफ, तांबूस ऑइल तेवढे चमकत होते. तुला कळवायला सांगितले आहे. त्याने गाडी आता स्वतःच्या वर्कशॉपात ठेवली आहे. लागेल तेव्हा तो घेऊन येतो. ती जागा रिकामी झाली, तिथे राजसबाई तांदूळ निवडत बसते.

काल संध्याकाळी फेरी मारून आल्यावर तुझी आई ओसरीवर टेकली. मी खांबाशी उभा होतो. बराच वेळ ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने विचारले, "तुम्ही कोण?"

मी माझे नाव सांगितले. व्यासराज. तुमच्या घरचा.

तिने थोडा विचार केला आणि बाजूला सरून जागा केली. "मग उभे का? बसा," म्हणाली.

मी बसलो.

अप्पा